यादीवर ३१२ सभासद, काम करणारे सात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगते. नवी मुंबईतल्या करसल्लागारांची तुमची संघटना आहे. यादीवर ३१२ सभासद, व्याख्यानाला येतात तीस-पस्तीस, आणि काम करतात सात जण. तुम्ही तीन वर्षं चिटणीस आहात, दमला आहात. वार्षिक सभा तीन महिन्यांवर आली आहे, तिथे पद सोडायचं ठरवलंय, पण घ्यायला कोणी तयार नाही. एक माजी अध्यक्ष प्रत्येक गोष्टीत लक्ष घालतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सुप्रभातशिवाय काही येत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘लोकांना संघटनेबद्दल आस्थाच राहिली नाही, ती आणायची कशी?’

मी ठाण्यात, नौपाड्यात सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करते. आमच्या इथल्या अशाच एका संघटनेत चौदा वर्षं कार्यकारिणीवर होते. आधी खजिनदार, मग चिटणीस, मग एक मुदत अध्यक्ष. तुम्ही लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कधी ना कधी माझ्या तोंडून निघालेलं आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी ‘आस्था नाही’ हे बाजूला ठेवू. वीस तारखेला, जीएसटी विवरणपत्राच्या शेवटच्या रात्री, पोर्टल अडकलं की तुमच्या ग्रुपवर किती जण जागे असतात, ते आठवा. एखाद्याच्या अशिलाला नोटीस आली की त्याचा पहिला फोन कोणाला येतो? तुम्हालाच येत असणार. ज्याला संघटना परकी वाटते तो असा फोन करत नाही. माझ्या अनुभवात अडचण वेगळीच असते. संघटनेचं सगळं काम चिटणिसाच्या डोक्यात आणि चिटणिसाच्या फोनमध्ये असतं. ज्याच्याकडे महिन्याला दोन तास आहेत त्याने संघटनेसाठी नेमकं काय करावं, याचं उत्तर तुमच्याकडे आत्ता तयार आहे का? आमच्याकडे नव्हतं. मागे बसून ऐका, नाहीतर कार्यकारिणीवर या आणि सगळं अंगावर घ्या, असे दोनच रस्ते आम्ही लोकांपुढे ठेवले होते. घर, ऑफिस, म्हातारे आईवडील सांभाळणारा माणूस यातलं काय निवडणार? तो मागेच बसणार.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने झाली आहे, वकिलांच्या बार कौन्सिलमागे १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आहे. तिथे नाव नोंदवल्याशिवाय व्यवसायच करता येत नाही, त्यामुळे सभासद आपोआप येतो. तुमची-आमची संघटना ऐच्छिक आहे. इथे दर वर्षी वर्गणी भरताना माणूस मनात विचारतो, की मला काय मिळालं. दुसरं, तुम्ही स्वतंत्र नोंदलेली संस्था आहात की एखाद्या मोठ्या संस्थेची शाखा? शाखा असाल तर मुदत, निवडणूक, पैसा यांचे नियम वरून आलेले असतात आणि मी पुढे सांगते त्यातलं निम्मं तुमच्या हातात नसेल. मी असं धरून चालते की तुम्ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्हीकडे नोंदलेले आहात. आपल्याकडे बहुतेक संघटना तशाच असतात.

आता माझी स्वतःची चूक. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हा आमच्या स्टडी सर्कलला सभागृह भरून लोक जिन्यात उभे राहायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पुन्हा तसंच झालं. आम्हाला वाटलं, आपलं आयोजन चांगलं आहे. प्रत्यक्षात लोकांना आणलं होतं नव्या कायद्याने. कायदा अंगवळणी पडला, मग २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या फुकट वेबिनार ऐकायची सवय लागली आणि हजेरी उतरत गेली. यावर मी चिटणीस म्हणून काय केलं? व्याख्यानं वाढवली, मोठे वक्ते आणले, जेवण ठेवलं. खर्च वाढला, सात जणांची दमणूक वाढली, हजेरी तेवढीच राहिली. जी गोष्ट माणसाला फोनवर मिळते तीच मी त्याला नौपाड्यात येऊन घ्यायला सांगत होते.

फरक पडला तो एका साध्या बैठकीने. वक्ता नाही, विषय नाही. महिन्यातून एकदा जमायचं, प्रत्येकाने आपल्याकडे अडकलेली एक नोटीस आणायची, अशिलाचं नाव झाकून. पहिल्या बैठकीला नऊ जण आलो. कळव्याची एक तरुण मुलगी आली होती, प्रॅक्टिस सुरू करून तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिने एएसएमटी-१० ची, म्हणजे विवरणपत्रात तफावत दिसली की जीएसटी खातं पाठवतं त्या नोटिशीची, झेरॉक्स आणली होती आणि व्यापाऱ्याच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली होती, अगदी काटेकोर, कडा सरळ कापून. टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणारा तक्ता) आणि थ्री-बी (व्यापाऱ्याचं स्वतःचं विवरणपत्र) यांच्यातल्या फरकाची नोटीस होती, उत्तर द्यायचे तीस दिवस संपत आले होते आणि अशील तिलाच दोष देत होता. तिने वाचून दाखवलं तसे तिच्या पुढे दोन खुर्च्या सोडून बसलेले एक गृहस्थ मागे वळले. एरवी सभेत कधी तोंड न उघडणारे. त्यांच्याकडे तशीच नोटीस आली होती, त्यांनी एएसएमटी-११ हा उत्तराचा फॉर्म भरून ती मिटवलीही होती. त्यांनी फोनवर स्वतःचं उत्तर उघडलं आणि दोघं परिच्छेदामागून परिच्छेद वाचत बसले. सभागृहाच्या शिपायाने पंखे बंद केले तेव्हा आम्ही उठलो. पुढच्या तीन महिन्यांत ती बैठक तीसवर गेली.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की आमची पुढची सगळी काम करणारी माणसं त्या बैठकीतून आली, व्याख्यानांतून एकही आली नाही. व्याख्यानात माणूस ऐकून जातो. त्या बैठकीत त्याला कळलं, की आपल्याजवळ दुसऱ्याला देण्यासारखं काहीतरी आहे. ते गृहस्थ पुढे नोटिसांच्या उत्तरांचे नमुने जमवायचं काम तीन वर्षं बघत होते. त्यांना मी कार्यकारिणीवर या म्हटलं असतं तर त्यांनी हात जोडले असते.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते ते स्वतःपासूनचं. एक शंभरपानी वही घ्या आणि महिनाभर संघटनेसाठी जे जे कराल ते लिहा. अगदी ‘हॉलवाल्याला फोन’ इतकं बारीक. मी केलं तेव्हा महिन्यात त्रेचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या सहा कामांना चिटणिसाची सही किंवा चिटणिसाचा निर्णय लागत होता. उरलेली सदतीस कुणीही करू शकलं असतं: वक्त्याला ठिकाणाचा नकाशा पाठवणं, वर्गणीच्या पावत्या, माइक, चहा, दारावरची नावनोंदणी, कार्यालयाला द्यायच्या निवेदनाचा कच्चा मसुदा. ती सदतीस कामं माझ्याकडेच होती, कारण ती माझ्याकडे आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं.

आता ती वाटायची कशी? ग्रुपवर ‘इच्छुकांनी पुढे यावे’ असं टाकू नका. तीनशे जणांना उद्देशून लिहिलेलं प्रत्येकाला दुसऱ्यासाठी वाटतं. एकाच माणसाला फोन करा आणि काम मापून सांगा: ‘शनिवारच्या सभेला सव्वाआठ ते पावणेनऊ दारावर नावनोंदणी कराल का? यादी मी आदल्या दिवशी पाठवते, पेन-रजिस्टर हॉलवर असेल.’ एवढ्याला नाही म्हणणारा मला क्वचित भेटला. आणि काम झालं की सोडून द्या. इथे आम्ही फार माणसं गमावली. एकदा हो म्हणालेल्याच्या गळ्यात लगेच पुढची पाच कामं घातली की तो तुमचा फोन उचलणं बंद करतो. महिन्या-दोन महिन्यांनी दुसरं काम सांगा, थोडं मोठं. तिसऱ्या वेळी त्यालाच विचारा, तुम्हाला काय करायला आवडेल.

यात तुम्हाला जड जाईल अशी एक गोष्ट आहे, मला गेली होती. दुसऱ्याने केलेलं काम आपल्यासारखं होत नाही. एका सभासदाने आयुक्तांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा लिहून आणला, मी रात्री बसून तो पूर्ण बदलला. भाषा सुधारली खरी. त्याने पुन्हा कधी मसुदा लिहिला नाही. आता मी नियम पाळते: वस्तुस्थिती किंवा कलम चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, शैलीला हात लावायचा नाही, आणि खाली नाव त्याचं घालायचं.

वेळेचं बोलू, कारण आपल्या व्यवसायात अर्धी हजेरी तारखेवर ठरते. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, तिमाही विवरणपत्रवाल्यांची तेरा, मग थ्री-बी साठी वीस आणि तिमाहीवाल्यांची बावीस. जुलै-ऑगस्टमध्ये विवरणपत्रं, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावून या तारखांवर आधी फुल्या मारा, मग कार्यक्रम बसवा. आम्ही वर्षानुवर्षं वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवत होतो आणि कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) होत नाही म्हणून हळहळत होतो.

तसंच घड्याळाचं. आमच्या बैठका संध्याकाळी साडेसहाला असायच्या. घोडबंदर रोडला कासारवडवलीकडे राहणारा माणूस त्या वेळी नौपाड्यात येऊन नऊ वाजता परत निघणार, त्याचा अख्खा दिवस जातो. बायकांचं तर विचारूच नका. कळव्याची ती मुलगी पहिल्या बैठकीला आली तेव्हा लहान मुलाला शेजारणीकडे ठेवून आली होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं. आम्ही बैठक शनिवारी सकाळी साडेआठ ते दहा केली. ऑफिस उघडायच्या आत संपते. त्या एका बदलाने महिला सभासदांची हजेरी जेवढी वाढली, तेवढी ‘महिला करसल्लागार विशेष’ कार्यक्रमांनी कधी वाढली नव्हती.

तुमच्याकडे तर अंतरांचा प्रश्न आणखी आहे. ऐरोलीच्या माणसाला बेलापूरची संध्याकाळ म्हणजे ठाण्याला जाणं सोपं. आमच्याकडे ऐरोलीचे बरेच जण येतात ते त्यामुळेच. नवी मुंबई नोडांची, म्हणजे वेगवेगळ्या आखलेल्या उपनगरांची, आहे, तर संघटनाही नोडांत बसवा. ऐरोली-घणसोली, कोपरखैरणे-वाशी, सानपाडा-नेरुळ-बेलापूर असे तीन गट करा. प्रत्येक गटाने महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ऑफिसात दहा-बारा जण जमायचं. हॉल नको, माइक नको, भाडं नको. गटाला एक निमंत्रक, त्याची मुदत सहा महिने, त्याहून जास्त नाही. तुमचा पुढचा चिटणीस मला तिथे दिसतो आहे. सभागृहातली मोठी सभा तीन महिन्यांतून एकदा पुरे.

यादीकडे येते. ३१२ हा आकडा खरा आहे का, ते तपासा. खजिनदारांकडून वर्गणी भरलेल्यांची यादी घ्या. त्यात आजीव सभासद किती, त्यातले हयात किती, व्यवसाय सोडलेले किती. १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं, की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. तेव्हा कोरमचा हिशेबही चालू सभासदांवर बघावा लागतो. आमची यादी अशी तपासली तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा गळला आणि ‘दहा टक्केही येत नाहीत’ हे आमचं नेहमीचं रडगाणं खोटं ठरलं. मात्र थकबाकीदाराला नोटीस पाठवून कापून टाकू नका. फोन करा. मी स्वतः पन्नासेक फोन केले. निम्म्याहून अधिक जणांनी त्याच आठवड्यात पैसे भरले. त्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं, ‘चार वर्षांत संघटनेतून मला आलेला हा पहिला फोन.’ ते वाक्य मी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं.

आता कार्यकारिणी. संस्था स्थापन करायला कायद्याने किमान सात जण लागतात. तुमच्याकडे आजही सातच जण ती ओढताहेत, म्हणजे पहिल्या दिवशी होतात तिथेच आहात. याचं एक कारण मुदतीत असतं. नियमावली उघडून बघा: एका पदावर सलग किती मुदती राहता येतं? बऱ्याच जुन्या नियमावल्यांत काहीच लिहिलेलं नसतं. मग चांगली माणसं दमेपर्यंत राहतात, दुसरी काही माणसं खुर्ची सोडतच नाहीत, आणि बाहेरून बघणाऱ्या सभासदाला दोन्ही सारखंच दिसतं: आत जागा नाही. सलग दोन मुदतींची मर्यादा घाला आणि दर वर्षी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतील असं बसवा, म्हणजे सगळे अनुभवी एकदम जाणार नाहीत. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर कलम १२ प्रमाणे महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन-पंचमांश मतं लागतात. मुदतीचा नियम बदलायला तुमच्याच नियमावलीत पद्धत दिलेली असेल, ती शब्दशः पाळा. सूचना किती दिवस आधी, मतं किती, हे चुकलं तर नाराज माणूस पुढे तेवढंच धरून बसतो.

पद घ्यायला कोणी नाही, याबद्दल. लोक चिटणीसपदाला घाबरतात, कारण तुम्हाला बघतात. रात्री अकराला तुमचे मेसेज, रविवारी तुमची धावपळ. त्यांना वाटतं, हे पद म्हणजे हेच. वहीतली कामं वाटून झाली आणि उरलेली सहाच कामं कागदावर लिहून तुम्ही दाखवलीत, तर तोच माणूस विचार करेल. शिवाय त्याला आधी सहचिटणीस करा, एक वर्ष तुमच्या शेजारी बसू द्या. तुमच्या हातात तीनच महिने आहेत, तर ते उलट करा: नवा चिटणीस आत्ता, आणि तुम्ही पुढचे सहा महिने स्वीकृत सदस्य म्हणून मदतीला. पण तारीख जाहीर करा आणि पाळा. ‘कोणी मिळेपर्यंत बघतो’ असं म्हणालात तर कोणी मिळणार नाही. हे मी दोन वर्षं जास्त राहून शिकले आणि त्या दोन वर्षांत मी लोकांवर चिडत होते, जे त्यांच्या वाट्याला यायला नको होतं.

पद सोपवताना कागद सोपवा, यात कसूर करू नका. आमच्याकडे एकदा कार्यकारिणी बदलली आणि चेंज रिपोर्ट द्यायचा राहिला. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. सगळ्यांना वाटलं दुसऱ्याने दिला. मग बँकेने सह्या बदलायला परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा मागितला, त्यात नावं जुनी. जुने खजिनदार तोवर पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते. चार महिने चेक निघाला नाही. हॉलचं भाडं, छपाईवाल्याचं बिल आम्ही तिघींनी खिशातून भरलं. दुसरा तसाच प्रकार ओटीपीचा. संघटनेच्या पॅनला, ईमेलला, बँकेला जोडलेला मोबाइल नंबर आमच्या एका माजी पदाधिकाऱ्यांचा होता. ते प्रवासात असले की आमचं काम थांबायचं. आजच एक सिमकार्ड संघटनेच्या नावाने घ्या, सगळीकडे तो नंबर लावा, आणि ते सिम पदाबरोबर पुढे जाईल असा ठराव करा. दुसऱ्यांच्या पोर्टलचे पासवर्ड सांभाळणारी आपण माणसं, आपल्या संघटनेचे कुठे लिहिलेत ते तपासा.

पैशाबाबत दोनच गोष्टी. खजिनदारांनी दर तिमाहीला एक पान ग्रुपवर टाकावं: आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. वार्षिक सभेतल्या अर्ध्या शंका त्याने आधीच मिटतात. आणि गटनिमंत्रकाला ठरावीक रकमेपर्यंत, समजा तीन हजारांपर्यंत, न विचारता खर्च करायची मुभा ठरावाने द्या. चहाच्या बिलाला मंजुरी मागावी लागली की माणसाला कळतं, आपल्यावर विश्वास नाही.

माजी अध्यक्षांचा प्रश्न नाजूक आहे आणि मी तो दोन्ही बाजूंनी पाहिलाय. आमचे एक माजी अध्यक्ष परस्पर हॉलवाल्याला फोन करून खुर्च्यांची मांडणी बदलायचे. मी एकदा चिडून त्यांच्या घरी गेले. चहा झाला, आणि ते म्हणाले, ‘अगं, पद सोडल्यापासून मला कोणी काही विचारतच नाही.’ विक्रीकर न्यायाधिकरणापुढे तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, आणि आम्ही त्यांना फक्त दीपप्रज्वलनाला बोलावत होतो. नंतर आम्ही अपिलांसाठी त्यांची एक तासिका सुरू केली. जीएसटीत अपिलाला तीन महिने असतात, तेवढ्यात मुद्दे कसे मांडायचे हे ते तरुणांना शिकवायचे. हॉलवाल्याला जाणारे फोन थांबले. त्याच वेळी सल्लागार मंडळाचा ठराव करून लिहून ठेवलं, की सल्ला मागितला जाईल, मत कार्यकारिणीचं. दुसरे एक ज्येष्ठ मात्र याच ठरावावरून रागावले ते परत आले नाहीत. तेही होतं. पण घरी जाऊन बोलल्याशिवाय ठराव आणू नका.

व्हॉट्सॲपचं सोपं आहे. दोन ग्रुप करा. एकावर फक्त सूचना, लिहिणारे दोघं. दुसरा फक्त अडचणींसाठी: प्रश्न विचारणाऱ्याने कलम किंवा फॉर्मचा नंबर द्यायचा, आणि सुटल्यावर काय झालं ते तिथेच लिहायचं. तो दुसरा ग्रुप सांभाळायला कार्यकारिणीबाहेरचा माणूस ठेवा.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. तीन महिन्यांत व्हावं असं मी चारच गोष्टी म्हणेन: वही, यादी, एका नोडातली एक बैठक, आणि तुमच्या निवृत्तीची तारीख. त्यासाठी जागा करायला एखाद-दुसरं व्याख्यान सरळ रद्द करा. मी केलं होतं, एकाही सभासदाने का म्हणून विचारलं नाही, आणि सात जणांना एक शनिवार घरी मिळाला.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेलं. तिथे जाते तेव्हा मला पुस्तकांइतकंच आत बसलेल्या माणसांचं कौतुक वाटतं. सव्वाशेहून जास्त वर्षांत किती जणांनी किल्ल्या, रजिस्टरं आणि हिशेब पुढच्याच्या हातात दिले असतील, ते मनात येतं.

पहिला फोन कोणाला करायचा असं विचाराल, तर मागच्या व्याख्यानात ज्याने सगळ्यात नेमका प्रश्न विचारला होता त्याला. नाव आठवत नसेल तर हजेरीचं रजिस्टर काढा. आणि नियमावलीतलं पदाधिकाऱ्यांच्या मुदतीचं आणि कोरमचं कलम जसंच्या तसं इथे लिहा. वार्षिक सभेच्या सूचनेत ठराव कसा मांडायचा, ते मी त्यावरून सांगते. या महिन्यात बावीस तारखेनंतर मला वेळ आहे.